शाळेच्या वेळेला पोट दुखतं आणि व्हॅन गेली की थांबतं

एका आईने विचारलंय. प्रश्न बराच मोठा होता, मी थोडक्यात मांडते. सिंहगड रोडला राहतात, मुलगा नववीत. दिवाळीची सुट्टी संपली आणि तेव्हापासून रोज सकाळी पोट दुखतं, मळमळतं, दोनदा उलटी पण झाली. शाळा ७:१० ची, व्हॅन ६:३५ ला येते. साडेआठ-नऊ वाजले की हळूहळू बरा होतो, दुपारी नीट जेवतो, संध्याकाळी क्लासला पण जातो, रात्री मोबाईलवर गेम. सोनोग्राफी, रक्त, लघवी, सगळे रिपोर्ट नॉर्मल. दोन महिन्यांत २३ दिवस खाडा. बाबा म्हणतात शुद्ध नाटकं आहेत, आजी म्हणतात नजर लागलीये, आईला वाटतं बाबांच्या ओरडण्याने पोर घाबरलंय. जुलैपासून फुटबॉल बंद केलंय कारण नववी महत्त्वाची. आणि प्रश्न तीन, नाटक करतोय का, मोबाईल काढून घेऊ का, शाळा बदलू का.

ताई, मी गेली २२ वर्षं पुण्यात हेच काम करतीये, आधी शाळेत समुपदेशक म्हणून आणि आता स्वतःचं, आणि दर वर्षी जून-जुलैत आणि मग दिवाळीनंतर अशी पोटं माझ्याकडे येतातच. डोकी पण येतात, चक्कर पण येते, पण पोट जास्त.

आधी नाटकाचं बघू, कारण घरात निम्मी भांडणं त्याच्यावरूनच होत असणार. पोट खरंच दुखतं. आपल्याला दहावीच्या पेपरच्या दिवशी सकाळी तीन-तीनदा संडासला पळावं लागायचं ते काय नाटक होतं का? भीती वाटली की शरीर पळायची तयारी करतं, छाती धडधडते, रक्त हातापायांकडे जातं, पचनाचं काम अडतं आणि आतड्यांना पीळ पडतो. रिपोर्टमध्ये ते येणार नाही कारण आतडं चांगलंच आहे. आणि साडेआठला थांबतं ते पण खरंच थांबतं, कारण व्हॅन गेली, प्रार्थना झाली, पहिला तास सुरू झाला, आता आज तरी कोणी नेत नाही. ही जी रोजची सुटका आहे ना, सगळी गोम तिथे आहे. मेंदू साधा हिशेब मांडतो की घरी राहिलो, बरं वाटलं, उद्या पण तेच करू. आणि तिकडे प्रत्येक खाड्याबरोबर शाळा अजून अवघड होत जाते, पोर्शन पुढे गेला, वह्या अर्धवट, आणि सगळ्यात वाईट म्हणजे 'काय रे, होतास कुठे इतके दिवस' या प्रश्नाला काय सांगायचं. मूळ कारण कधीकधी महिन्याभरात संपून पण जातं आणि परत जायचीच भीती उरते.

म्हणून तुमच्या घरात दोघंही अर्धे बरोबर आहात. बाबा म्हणतात घरी बसवू नका, ते बरोबर, पण नाटक म्हणतात ते चूक. तुम्ही म्हणता दुखतंय, ते बरोबर, पण दुखतंय म्हणून घरी राहू दे हा उपाय चूक. आणि मुलगा मध्ये उभा राहून बघतोय की आज कोण जिंकतंय. नजरेचं म्हणाल तर आजींना मीठ-मोहऱ्या ओवाळू दे बिनधास्त. मुलाला तेवढा वेळ कोणीतरी काही न विचारता जवळ बसवतं हे काही कमी नाही, फक्त तेवढ्यावर थांबू नका.

रिपोर्ट झालेत हे चांगलं केलंत, तेच आधी करायचं असतं. पण एक गोष्ट डॉक्टरांनी विचारली का बघा, शी रोज साफ होते का आणि शाळेत पाणी किती पितो. मला एकदा बालरोगतज्ज्ञ मॅडमनी एक सातवीतली मुलगी पाठवली होती, चिंता वगैरे असेल बघा म्हणून, आणि तिची अडचण एवढीच होती की शाळेतल्या स्वच्छतागृहाची कडी तुटलेली होती. ती सकाळी सहापासून दुपारी दीडपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायची नाही. त्यातून बद्धकोष्ठ, त्यातून लघवीची जळजळ, त्यातून पोट. कडी बसवायला तीन आठवडे आणि दोन अर्ज लागले. हे मी नेहमी सांगते कारण आपण लगेच मनाच्या खोलात शिरतो आणि कडी राहून जाते.

आता मुख्य मुद्दा. 'शाळेत जायचं नाही' हे उत्तर नाहीच, ते झाकण आहे. शाळा म्हणजे एक गोष्ट नसते. व्हॅन आहे, व्हॅनमधली अकरावीतली पोरं आहेत, जिना आहे, प्रार्थना, हजेरी, आठ तास, मधली सुट्टी, पी.टी., परत व्हॅन. यातलं नेमकं काय नको आहे ते सापडल्याशिवाय तुम्ही जे कराल ते अंधारात. आणि 'काय झालं सांग ना, आईला नाही सांगणार?' असं विचारून ते कधीच सापडत नाही. चौदा वर्षांच्या मुलाला समोर बसवून डोळ्यात डोळे घालून विचारलं की उत्तर ठरलेलं, 'काही नाही'.

मी काय करते, त्याच्याच हाताने शाळेचं वेळापत्रक कागदावर काढून घेते, सोमवार ते शनिवार, घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत, व्हॅन आणि मधल्या सुट्टीसकट, आणि पुढ्यात तीन रंगीत पेन्सिली ठेवते. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे नको वाटतं पण जमतं, लाल म्हणजे नकोच. बोलायचं काही नाही, फक्त रंगवायचं. मी तेवढ्या वेळात चहा करून आणते. नववीतली मुलं आधी 'हे काय केजीसारखं' असा चेहरा करतात आणि मग रंगवतात.

एक मुलगा होता, आठवीतला, तपशील थोडे बदलून सांगते. आई-बाबांना शंभर टक्के खात्री की गणिताचे सर कडक आहेत म्हणून हा घाबरतो, सरांबद्दल शाळेत तक्रार करायची तयारी झालेली. त्याने कागद रंगवला तर गणित हिरवं! सगळेच तास हिरवे-पिवळे. लाल फक्त मधली सुट्टी, सहाही दिवस, इतकी दाबून लाल की मागच्या पानावर उठली होती, आणि पी.टी.चे दोन तास. मी म्हटलं मधल्या सुट्टीत काय करतोस? म्हणाला, बाटली भरतो. म्हटलं मग? म्हणाला, मग परत भरतो. जूनमध्ये तुकड्या बदलल्या होत्या, याचे दोन्ही मित्र दुसऱ्या तुकडीत गेले आणि नव्या वर्गात सगळ्यांचे डब्याचे गोल आधीच ठरलेले. हा पाण्याच्या रांगेत उभा राहायचा, बाटली भरायची, कोपऱ्यात जाऊन ओतून टाकायची, परत रांगेत. वीस मिनिटं अशी काढायची म्हणजे साधारण तीन बाटल्या लागतात. आणि पी.टी.त टीम पाडताना हा शेवटी उरायचा. डबा रोज व्हॅनमध्ये, घर यायच्या आत संपवायचा, त्यामुळे घरी रिकामा डबा दिसायचा आणि सगळं उत्तम.

त्यात सरांचा काय दोष होता सांगा. त्या शाळेतल्या ग्रंथपाल बाई चांगल्या होत्या, त्यांनी त्याला मधल्या सुट्टीत रजिस्टर लिहायला बसवलं, तिथे अजून दोघं होते, त्यातल्या एकाला याच्यासारखंच किल्ल्यांचं वेड. एका रात्रीत काही झालं नाही हो, मार्चपर्यंत तो आठवड्यातून एखाद दिवस घरी राहतच होता. पण बाटल्या थांबल्या.

तर तुमच्या मुलाच्या बाबतीत मला सुगावा कुठे दिसतो, तर तो संध्याकाळी क्लासला जातो. मळमळ न होता. म्हणजे अभ्यासाची, पुस्तकाची, गणिताची भीती हे पहिलं कारण नसावं. क्लासमध्ये नाही आणि शाळेत आहे असं काय? मधली सुट्टी, व्हॅन, प्रार्थनेची रांग, स्वच्छतागृह, मोठ्याने वाचून दाखवणं, फळ्यावर जाऊन सोडवणं. आणि दुसरं, दिवाळीनंतरच का? सुट्टी लागायच्या आधीचा शेवटचा आठवडा आठवा. सहामाहीचे पेपर वाटले तेव्हा वर्गात मार्क मोठ्याने वाचले का, बाकं बदलली का, गॅदरिंगमध्ये काही झालं का, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाचा फोटो-स्टिकर फिरत होता का. हे शेवटचं आजकाल फार. आपल्या काळात शाळा सुटली की चिडवणं संपायचं, आता ते खिशात बसून घरी येतं.

व्हॅनला कागदावर कोणता रंग दिला ते तर विचाराच. आणि अंगाला हात लावणं, कपडे खेचणं, व्हिडिओ काढणं असं काही होतंय का हे मुलग्यांना पण विचारायचं असतं, आपण फक्त मुलींना विचारतो. तसं काही निघालं तर 'बघू, समजावू' नाही, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे, १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला लागू आहे, मुलगा असो की मुलगी, आणि कळल्यावर शाळेला गप्प बसता येत नाही, पोलिसांना कळवावंच लागतं.

इथे माझी एक चूक सांगते, कारण क्लासला जातो म्हणजे अभ्यास ठीक असं मी वर लिहिलंय आणि ते नेहमी खरं नसतं. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट, नववीतलीच मुलगी, हुशार, गप्पिष्ट, शाळेच्या सकाळी छातीत धडधड. मी तीन महिने तिच्याबरोबर आत्मविश्वास, श्वासाचे व्यायाम, सकारात्मक विचार, सगळं केलं आणि काडीचा फरक नाही. एक दिवस ती क्लासवरून थेट आली आणि दप्तरातून वही बाहेर पडली. पहिलं पान मोत्यासारखं. पुढे फळ्यावरचं अर्धंच उतरवलेलं, ओळी मध्येच सोडलेल्या, 'विद्यार्थी' एकाच पानावर तीन प्रकारे, रफार कुठेतरी भलतीकडे, अनुस्वार गायब. आठवीपर्यंत नुसतं ऐकून ऐकून पाठ करून तिने भागवलं होतं, नववीचा पसारा आल्यावर ते कोसळलं. क्लासमध्ये साठ मुलांत मागे बसलं की कोणी उभं करून वाचायला लावत नाही, म्हणून तिथे त्रास नाही. ही लेखन-वाचनाची अक्षमता होती आणि मी तीन महिने तिला दीर्घ श्वास घ्यायला लावत होते. तेव्हापासून माझ्याकडे कोणी आलं की पहिल्या दिवशी दोन वह्या मागते, इतिहासाची आणि मराठीची.

तुम्ही पण आज रात्री बघा, त्याच्यासमोर नको. असं काही दिसलं तर लगेच चाचण्या करून घ्या, पुण्यात सोय चांगली आहे. कायद्यात २०१६ पासून याला दिव्यांगत्वाच्या यादीत जागा आहे, बोर्डाच्या परीक्षेत तासामागे साधारण २० मिनिटं जादा वेळ, गरज असेल तर लेखनिक, अशा सवलती मिळतात, पण त्याला सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं आणि तिथे चकरा होतात, एका फेरीत काम होत नाही. दहावीच्या नोव्हेंबरात धावपळ करणारे पालक मी दर वर्षी बघते. नववीत सुरू केलं तर श्वास घ्यायला वेळ मिळतो.

आता परत पाठवायचं कसं. हे मी सांगते त्याला दोन-तीन आठवडे लागतात आणि मध्ये एखादा दिवस सगळं मुसळ केरात जाणार हे धरूनच चाला.

शाळेत आधी तुम्ही दोघं जा, मुलाला न नेता. वर्गशिक्षिकेला लांबलचक कहाणी सांगू नका, त्यांच्याकडे साठ पोरं आहेत. तीनच गोष्टी मागा. एक, काही दिवस तो उशिरा आला किंवा लवकर निघाला तर गेटवर अडवू नये. दोन, वर्गात शिरताना 'आलात का महाराज' किंवा 'बरं वाटतंय का आता बाळा' दोन्ही नको, मान हलवून बस म्हणायचं. तीन, जुन्या वह्या पूर्ण करायची तारीख आत्ता सांगू नये. बहुतेक शिक्षक ऐकतात, खरंच. नाही ऐकलं तर पर्यवेक्षकांकडे जा, पण आधी बाईंकडे, डायरेक्ट वर गेलेलं त्यांना लागतं आणि मग ते पोराच्या वाटेला येतं.

मग हिरव्या तासांपासून सुरू करायचं. समजा त्याच्या कागदावर मंगळवारचा तिसरा-चौथा तास हिरवा आहे, तर मंगळवारी फक्त ते दोन तास. त्याच्या आधी रविवारी संध्याकाळी शाळेपर्यंत गाडीवर चक्कर, गेटसमोर भेळ खाऊन परत. सोमवारी युनिफॉर्म घालून, दप्तर घेऊन गेटपर्यंत. हे वाचताना बाबांना हसू येईल, येऊ दे. लाल तुकडा शेवटी, आणि त्यासाठी वेगळी योजना करून, ग्रंथालयातल्या रजिस्टरसारखी. पूर्ण दिवस नाही जमला तर अर्धा, अर्धा नाही तर दोन तास, पण शून्य नाही. उशिरा पोचला तरी चालेल, गेलाच नाही हे टाळायचं. आठवडाभर घरी ठेवून 'नव्या महिन्यापासून नीट जाईल' हा जो प्लॅन असतो ना, तो आजपर्यंत चाललेला मला आठवत नाही.

मित्रांनी विचारल्यावर काय सांगायचं ते घरी ठरवून, तोंडाने म्हणून बघा. 'पित्ताचा त्रास होता, औषध चालू आहे' पुरे. हे दोन-चारदा मोठ्याने म्हटलेलं असलं की तिथे जीभ अडखळत नाही.

सकाळी तुम्ही काय बोलता ते फार महत्त्वाचं. उठल्या उठल्या 'आज दुखतंय का रे?' हे बंद, आजपासून. तुम्ही काळजीने विचारता पण त्याचं लक्ष लगेच पोटाकडे जातं आणि पोट शोधलं की सापडतंच. त्याने सांगितलं तर वाद घालायचा नाही, समजवायचं नाही, 'हो, दुखत असेल. लिंबू सरबत घे, दोन तास करून ये' एवढंच, आणि आपण स्वयंपाकघरात. जितकं जास्त बोलाल तितका वेळ जातो, आणि ६:३५ तर गाठायची असते. श्वास लांब सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ, हे उपयोगी आहे पण रात्री झोपताना आठ दिवस सराव करून मग सकाळी, ऐन उलटी येताना पहिल्यांदा शिकवलं तर तो चिडेल आणि चिडणं बरोबर आहे.

आणि जमलं तर पहिले पंधरा दिवस व्हॅन नको, बाबांनी स्कूटरवर सोडावं. एक तर व्हॅनच कारण असेल तर कळेल. दुसरं म्हणजे आईपासून निघताना जेवढं जड जातं तेवढं बाबांपासून जात नाही, हे तुमच्याविरुद्ध नाही, असतं तसं. तिसरं, गाडीवर मागे बसलेली मुलं बोलतात. चेहरा दिसत नाही, सिग्नलला थांबलं की विषय सोडता येतो. राजाराम पुलाच्या ट्रॅफिकमध्ये निघालेल्या गोष्टी माझ्या खोलीत सोफ्यावर कधी निघाल्या नसत्या असं दोन-तीन बाबांनी मला येऊन सांगितलंय. अट एकच, बाबांनी पंधरा दिवस मार्क, दहावी आणि 'आमच्या वेळी' हे विषय काढायचे नाहीत. गाण्याबद्दल बोला, बुलेटबद्दल बोला, नाहीतर गप्प बसा. आणि ओरडण्याचं, ते त्यांना तुम्ही नका सांगू, हे उत्तर वाचायला द्या.

मोबाईल. काढून घेऊ नका. आत्ता त्याच्या वयाच्या माणसांशी त्याचा तेवढाच धागा आहे, रात्री गेममध्ये हेडफोन लावून ज्यांच्याशी बोलतो ते कोण आहेत ते बघा, वर्गातलेच दोघं असले तर सोन्याहून पिवळं. पण शाळा बुडवून घरी राहिला तर साडेसात ते दीड घर म्हणजे शाळा. वायफाय बंद, टीव्ही बंद, गरम पोहे-शिरा नाही, डब्यात भरलेलं तेच खायचं, टेबलाशी वही. शिक्षा म्हणून नाही, तोंड वाकडं करून नाही, बुधवारी सकाळी शाळेतल्या मुलांचं जे चालू असतं तेच. तुम्ही नोकरीला जात असाल तर हे आजींना जड जाईल माहितीये, आजींना विश्वासात घ्या, त्यांना सांगा लाड चारनंतर करा, भरपूर करा.

रात्री मात्र फोन चार्जिंगला हॉलमध्ये. सगळ्यांचे, बाबांचा पण. कारण झोप. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते आणि याच वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री तास-दोन तास उशिरा वाढायला लागतं, म्हणजे त्याला अकराच्या आधी झोप येत नाही यात आळस काही नाही. ६:३५ च्या व्हॅनसाठी साडेपाचला उठायचं, म्हणजे झाली साडेसहा तास. फोन असेल तर पाच. अशा झोपेवर माझं पण पोट दुखेल. गंमत बघा, आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने ठरवलं की चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नयेत, चांगलंच झालं, पण सकाळी लवकर उठायला शरीरानेच ज्यांना सगळ्यात अवघड जातं ती मोठी मुलं अजून सातला प्रार्थनेला उभी आहेत.

शाळा बदलू का. आत्ता नको. नववीच्या जानेवारीत बदलून जाणार कुठे, आणि घाबरून सोडलेली जागा नव्या शाळेत पण बरोबर येते, नवीन गोल, नवीन मधली सुट्टी. छळ होतोय आणि शाळा लेखी तक्रारीनंतरही हलत नाही, किंवा शिक्षकच मारतात-अपमान करतात, तर वेगळं, तेव्हा मी स्वतः सांगेन बदला म्हणून. घरीच शिकवू, बाहेरून दहावी देईल, हा पण विचार मनात आला असेल. काही मुलांना ते छान जमतं, पण ते आवडीने निवडलेलं असावं लागतं, पोटदुखीवरचा उतारा म्हणून नाही.

आता जे लिहितीये ते घाबरवायला नाही पण वाचा. या वयात नैराश्य नेहमी रडकं दिसत नाही, चिडचिडं दिसतं. दोन आठवडे सलग कशातच रस नाही, गेममध्ये पण नाही, खाणं-झोप एकदम बदललेली, मित्र तोडलेले, उन्हाळ्यात पण फुल बाह्या, हातावर ओरखडे, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं काहीतरी, थट्टेत सुद्धा. असं असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि त्याला सरळ विचारा, मरून जावं असं मनात येतं का रे. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून मूल हलकं होतं. हो म्हणाला तर एकटं ठेवू नका, घरातली औषधं, फिनेल, उंदराचं औषध कुलपात, आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात, मुलांसाठी १०९८ आहे. गोळ्यांचं नाव काढलं की लोक दचकतात, पण काही मुलांना काही महिने त्या लागतात आणि त्याने मूल 'वेडं' ठरत नाही.

कोणाकडे जायचं ते पण बघून. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, औषध तेच देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, ती विचारायला लाजू नका. बाकी समुपदेशक म्हणून पाटी लावायला आज कोणालाच फारसं काही लागत नाही, तीन महिन्यांचा कोर्स करून बसलेले आहेत, आणि माझ्यासकट प्रत्येकाला शिक्षण आणि अनुभव विचारा. जो पहिल्याच भेटीत बारा सेशनचं पॅकेज विकतो तिथून उठा.

आणि आता फुटबॉल. तुमच्या सगळ्या प्रश्नात ते एक वाक्य तुम्ही जाता जाता टाकलंय आणि माझं लक्ष तिथेच अडकलंय. सणसवर असेल, तळजईला असेल, सोसायटीच्या मागे असेल, कुठे का असेना, संध्याकाळी तास-दीड तास तो अशा मुलांत होता जिथे त्याला कोणीतरी हाक मारून पास मागायचं. ते जुलैत बंद झालं, आणि पोट नोव्हेंबरात सुरू झालं. फुटबॉल सुरू केला की पोट थांबेल असं मी म्हणत नाहीये, कारण काय ते रंगांनीच कळेल. पण शाळेतला गोल तुटलेला असेल तर त्याच्याकडे दुसरा गोल शिल्लक नव्हता, तो आपण काढून घेतला होता. नववी महत्त्वाची म्हणून बंद केलेला खेळ नववीतच २३ दिवस घेऊन गेला असं बाबांना हिशेबात सांगून बघा, त्यांना पटेल.

सुरू करा, याच आठवड्यात. 'आधी शाळेत नियमित जा मग' असं नको, तो बक्षीस नाहीये. क्लासचा एक वार सोडावा लागला तर सोडा.

जुने शूज बहुतेक बसणार नाहीत आता, या वयात सहा-सात महिन्यांत पाऊल सहज एक नंबर पुढे जातं. रविवारी बाबांनी त्याला घेऊन जावं, दोघांनीच, आणि दुकानात शाळेचा विषय काढू नये.